घडणीतच कच्चे राहिलेले दात : एका उपचार-सेवेचे साडेसात वर्षांनंतरचे परीक्षण

दंत महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या एका रुग्णालयातील बालदंतविभाग दातांच्या जडणघडणीतील दोषांसाठी आठवड्यातून एक दिवस राखून ठेवतो. माझी मुलगी साडेचार वर्षांची असताना आम्ही तेथे प्रथम गेलो आणि आज ती बारा वर्षांची झाली तरी तेथेच जातो. दवाखान्याबद्दलचे आपले मत बहुधा एका दुखऱ्या दाताच्या आणि दोन-तीन भेटींच्या आधारावर बनते. घडणीतील दोषाचे उपचार मात्र मुलाच्या वाढीबरोबर लांबत जातात, आणि अशा सेवेचा कस पहिल्या वर्षी लागत नाही, तो पाचव्या-सहाव्या वर्षी लागतो. म्हणून इतका काळ थांबून हे लिहीत आहे. पाचपैकी गुण द्यायचे झाले तर मी चार देईन. ते चार कशासाठी आणि पाचवा का राखून ठेवला, हे दोन्ही सविस्तर सांगायचे आहे. पुढे काही उणिवांचाही उल्लेख येणार आहे, आणि त्याचा रोख कोणा व्यक्तीवर जाऊ नये म्हणून रुग्णालयाचे नाव दिलेले नाही.

मुलीचा पहिला दात हिरडीतून वर आला तोच पिवळसर तपकिरी होता. दीड वर्षाची होईपर्यंत तिच्या पुढच्या दातांच्या कडा झिजल्या, आणि अडीचाव्या वर्षी ती थंड पाणी तोंडात घ्यायला नकार देऊ लागली. ब्रश पाहताच ओठ घट्ट मिटून घेई. आम्ही ज्या दंतवैद्यांकडे गेलो होतो, त्यांनी तोंडात पाहताक्षणी ‘बाटलीच्या दुधाने किडलेले दात’ असे निदान केले, रात्रीच्या दुधावरून आणि ब्रश करण्यातील हयगयीवरून माझ्या पत्नीला चार शब्द सुनावले, आणि तीन दाढांत सिमेंट भरून दिले. दीड महिन्यात ते निघाले, आणि निघताना भोवतालचे कवचही (दाताचा बाहेरचा कठीण थर, इनॅमल) सोबत घेऊन आले. पुन्हा भरले, पुन्हा निघाले. मुलीने रात्रीचे दूध कधीच बाटलीने घेतलेले नव्हते, हे पत्नीने तेव्हाच सांगितले होते. त्याची नोंद कोणी घेतली नाही. पुढची दोन वर्षे आम्ही दोघांनी रडत्या मुलीला मांडीवर घट्ट धरून दिवसातून तीन-तीन वेळा तिचे दात घासले. तो काळ आठवला की आजही मला अस्वस्थ वाटते, कारण ज्या दातांना ब्रशचा स्पर्शही झोंबत होता त्यांच्यावर आम्ही अधिक जोर लावत होतो.

या विभागातील पहिली भेट दीड तास चालली आणि त्यातील पहिला पाऊण तास मुलीच्या तोंडाला कोणी हातही लावला नाही. गरोदरपणात काही आजार झाला होता का, प्रसूती वेळेवर झाली का, जन्मानंतर वजन किती होते, पहिल्या तीन वर्षांत मोठा ताप किंवा दीर्घकाळ औषधे चालली होती का, पिण्याच्या पाण्याचा स्रोत कोणता, पहिला दात कोणत्या महिन्यात आला आणि येतानाच त्याचा रंग कसा होता, असे प्रश्न क्रमाने विचारले गेले. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होता, हे मला नंतर समजले. किडलेला दात तोंडात येताना चांगला असतो आणि पुढे बिघडतो; घडणीतच दोष असलेला दात हिरडीतून बाहेर पडतानाच वेगळा दिसतो. हा भेद ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही, आईबापांना एक साधा प्रश्न विचारावा लागतो. तो आम्हाला दोन वर्षांत कोणी विचारला नव्हता.

त्यानंतर डॉक्टरांनी मुलीचे दात कापसाने हलकेच टिपले, हवेचा फवारा मात्र मारला नाही, कारण उघड्या पडलेल्या डेंटिनवर, म्हणजे कवचाखालच्या थरावर, हवा लागली की कळ मस्तकात जाते. बोथट उपकरणाने एका दाढेच्या कोपऱ्यावर अलगद दाब देताच कवचाचा चुरा निघाला. हिरडीलगतची कवचाची कड तेवढी टणक होती. सर्व दात सारखेच, उजवीकडे-डावीकडे फरक नाही. दातांवर किटणही वयाच्या मानाने फार जमले होते. एक्स-रे काढल्यावर दिसले की दातांचा आकार ठीक आहे, आतील पोकळी ठीक आहे, न आलेल्या दातांवर कवचाची जाडीही पुरेशी आहे. पण जे कवच एक्स-रेमध्ये डेंटिनहून उजळ, पांढरेशुभ्र दिसायला हवे ते डेंटिनहूनही मंद दिसत होते. डॉक्टरांनी निदान सांगितले : ॲमेलोजेनेसिस इम्परफेक्टा, म्हणजे कवचनिर्मितीतील आनुवंशिक दोष, आणि त्यातही कवच पुरेसे क्षारयुक्त न होण्याचा प्रकार.

हे नाव सांगून त्या थांबल्या नाहीत, आणि माझ्या दृष्टीने या सेवेचे सर्वांत मोठे मोल येथे आहे. कागदावर आकृती काढून त्यांनी आम्हाला दात कसा घडतो ते सांगितले. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास जबड्याच्या अस्तरात एक पट्टी जाड होऊ लागते, तिच्यावर कळ्या धरतात, कळीला टोपीसारखा आणि मग घंटेसारखा आकार येतो, आणि त्या घंटेच्या आतल्या बाजूच्या पेशी कवच तयार करतात. या पेशी प्रथम प्रथिनांची चौकट घालतात, तिच्यात थोडे क्षार भरतात, दिवसाला सुमारे ४ मायक्रॉन इतक्या मंद गतीने थर रचत जातात. मग दुसऱ्या टप्प्यात त्याच पेशी प्रथिने आणि पाणी काढून घेऊन त्यांच्या जागी क्षार भरतात. पूर्ण तयार कवचात वजनाने सुमारे ९६ टक्के क्षार असतात, म्हणूनच ते शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य ठरते. दात तोंडात आला की या पेशी नष्ट होतात, त्यामुळे हाडाप्रमाणे कवच पुन्हा भरून येत नाही. ‘वीट साच्यात नीट पडली आहे, पण भट्टीत कच्ची राहिली आहे,’ असे त्यांनी मुलीच्या दातांचे वर्णन केले. दुधाच्या दातांत क्षार भरणे गर्भावस्थेच्या चौथ्या महिन्यात सुरू होते आणि सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या कायमच्या दाढेचे कवच जन्माच्या सुमारासच आकार घेऊ लागते, हे ऐकल्यावर पत्नीने विचारले, ‘म्हणजे मी तेव्हा काही चुकीचे खाल्ले का?’ डॉक्टर म्हणाल्या, ‘नाही. ही कृती तिच्या जनुकांत लिहिलेली होती. तुम्ही खाल्ल्याने ती बदलली नसती आणि तुम्ही दात घासल्याने ती बिघडलेली नाही.’ पत्नी तेथेच रडली. दोन वर्षे तिने ते ओझे एकटीने वाहिले होते.

निदान करताना दुसऱ्या शक्यता कशा बाजूला सारल्या, हेही त्यांनी आम्हाला दाखवले, आणि ते येथे नोंदवतो, कारण अनेक पालक एका नावाखाली सगळे दोष घालतात. एकाच कायमच्या दातावर डाग किंवा खड्डा असेल आणि त्याच्या जागेवरचा दुधाचा दात पूर्वी सडला किंवा त्याला मार लागला असेल, तर त्याचा मागोवा त्या दुधाच्या दातापर्यंत जातो. पहिल्या कायमच्या दाढा आणि त्यांच्याबरोबर कधी पुढचे पटाशीचे दात यांवरच स्पष्ट कडा असलेले पांढरट, पिवळे किंवा तपकिरी डाग असतील आणि बाकीचे दात चांगले असतील, तर तो दाढा व पटाशीच्या दातांतील क्षारन्यूनतेचा विकार होय. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एमआयएच’ म्हणतात. या विकाराला हे नाव २००१ साली मिळाले, तो मुलांमध्ये मुळीच दुर्मीळ नाही आणि त्याचे नेमके कारण अजून निश्चित झालेले नाही. पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइडमुळे येणारे डाग पसरट, कडा नसलेले आणि दोन्ही बाजूंना सारखे असतात. दात निळसर-तपकिरी, काचेसारखे अर्धपारदर्शक दिसत असतील आणि एक्स-रेमध्ये आतील पोकळी बुजलेली असेल, तर दोष कवचात नसून डेंटिनमध्ये असतो, आणि अशा वेळी हाडे ठिसूळ असण्याच्या विकाराचाही तपास करावा लागतो. कवच अतिशय पातळ असण्याच्या एका विरळ प्रकारात मूत्रपिंडात क्षार साठतात, म्हणून त्या मुलांची सोनोग्राफी करून घेतात. आमच्या मुलीला तिची गरज नव्हती, आणि गरज का नाही हेही डॉक्टरांनी सांगितले. कोणती तपासणी करायची नाही आणि का करायची नाही, हे सांगणारे डॉक्टर मला त्यापूर्वी फार भेटले नव्हते.

यानंतर डॉक्टरांनी माझ्याकडे पाहून ‘तुम्ही तोंड उघडाल का?’ असे विचारले. बोलताना ओठांवर हात धरण्याची माझी सवय त्यांच्या नजरेतून सुटली नसावी. माझे दात लहानपणापासून पिवळे आणि झिजलेले. विशीतच जवळजवळ सगळ्यांवर कॅप बसवाव्या लागल्या, चार काढले. माझ्या वडिलांनी तिशीतच कवळी लावली होती. आमच्या घरात याचे स्पष्टीकरण एकच होते : या घराण्यातील पुरुष दातांची निगा राखत नाहीत. डॉक्टरांनी एका कागदावर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढला, वडील, आत्या, मी आणि मुलगी अशा चौकोन-वर्तुळांत गडद शाई भरली, आणि तो कागद माझ्यासमोर ठेवला. प्रत्येक पिढीत दोष उतरलेला, स्त्री-पुरुष दोघांतही दिसणारा. म्हणजे बाधित पालकाच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता ५० टक्के. या प्रकारचा संबंध प्रामुख्याने एफएएम८३एच या जनुकाशी जोडला जातो आणि तो २००८ साली उजेडात आला. माझ्या दातांना नाव आहे, हे मला चौतिसाव्या वर्षी कळले. वडील तोवर राहिले नव्हते. आपण आळशी होतो असे समजूनच ते गेले, याचे दुःख कोणत्याही उपचाराने कमी होणार नाही. पण मुलीला तसे समजून जगावे लागणार नाही, हे त्या कागदाने निश्चित केले.

आता प्रत्यक्ष उपचारांविषयी. सुरुवात दुधाच्या दाढांपासून झाली, आणि त्यांच्यावर पोलादी कॅप बसवल्या गेल्या. स्टेनलेस स्टीलच्या या कॅप तयार मापांत मिळतात. दिसायला चांदीसारख्या, त्यामुळे आम्ही आरंभी नाराज होतो. दाढांच्या मधोमध दोन-तीन दिवस आधी लहान रबरी कड्या बसवून फट निर्माण करायची, मग दाढ न कोरता, भूल न देता, सिमेंट भरलेली कॅप दाबून बसवायची आणि मुलाला चावायला सांगायचे, ही पद्धत त्यांनी वापरली. पहिल्या रात्री मुलगी म्हणाली की दात एकमेकांना नीट लागत नाहीत. काही आठवड्यांत चावा आपोआप जुळला, जसे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. आठ दाढांच्या आठ कॅपपैकी एकच, तीही एकदा निघाली. बाकीच्या दात पडेपर्यंत टिकल्या. कॅप बसल्यानंतर तिसऱ्या आठवड्यात मुलीने आपणहून पेलाभर पाणी मागितले आणि ते एका दमात प्यायली. रंगासाठी या कॅप नाकारणाऱ्या पालकांना मी एवढेच सांगेन की मूल हसताना त्या दिसतात हे खरे आहे, पण त्यापूर्वी आमचे मूल फारसे हसतच नव्हते.

सहाव्या वर्षी पहिल्या कायमच्या दाढा आल्या तेव्हा काम कठीण झाले. दाढ अर्धी हिरडीखाली असते, उघडा भाग झिजू लागलेला असतो, आणि कॅप बसण्याइतकी ती वर आलेली नसते. तो मधला काळ काचेच्या भुकटीवर आधारलेल्या सिमेंटचा तात्पुरता थर आणि दर तीन महिन्यांनी फ्लोराइडचा लेप यांवर काढावा लागला. लेपाने दात बरे होत नाहीत, कळ कमी होते. त्यांनी तेवढेच आश्वासन दिले आणि तेवढेच घडले. कॅप बसवताना भूल देऊनही एक दाढ बधिर होईना. अशा दातांतील लगदा, म्हणजे दाताच्या आतील नसा असलेला मऊ भाग, सतत चाळवलेला असतो, त्यामुळे नेहमीची भूल अपुरी पडते, हे पूर्वी कोणी मला सांगितले नव्हते. मी स्वतः लहानपणी खुर्चीवर ओरडलो की ‘नाटक करू नकोस’ असे ऐकत आलो होतो. येथे मुलीने हात वर करताच उपकरण थांबले, आणि त्या दिवशी काम पुढे न नेता दुसऱ्या भेटीत नाकाने घ्यायच्या सौम्य गुंगीच्या वायूसह ते पूर्ण केले. हात वर केला की थांबायचे हा करार त्यांनी सात वर्षांत एकदाही मोडला नाही.

पुढच्या दातांच्या बाबतीत या सेवेचे यश मध्यम आहे आणि ते स्पष्ट लिहायला हवे. आठव्या वर्षी पटाशीच्या दातांवर दातांच्या रंगाचे कंपोझिट चढवले. चांगल्या कवचाला आम्लाने खरवडून त्यावर हे द्रव्य पक्के चिकटते. कच्च्या कवचात प्रथिने जास्त आणि क्षार कमी असल्याने पकड ढिली राहते. चिकटवण्यापूर्वी प्रथिने काढण्यासाठी दातावर सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण लावले, आणि त्याने किती फरक पडतो याबद्दल दंतवैद्यांमध्ये एकमत नाही, हेही सांगितले. एक तुकडा चार महिन्यांत निघाला, दुसरा एका वर्षात. नंतर झिजलेल्या भागापलीकडे, हिरडीलगतच्या टणक कडेपर्यंत द्रव्य नेऊन संपूर्ण दात झाकला, तेव्हापासून ते टिकले आहे. कडा मात्र दर वर्षी पॉलिश कराव्या लागतात. पहिल्याच वेळी संपूर्ण दात का झाकला नाही, असे मी विचारले. हिरडी अजून वर सरकत होती आणि दात पुरता आलेला नव्हता, हे उत्तर पटण्यासारखे होते, तरी दुरुस्तीची शक्यता त्यांनी आधी अधिक ठळकपणे सांगायला हवी होती. वर्गासमोर बोलताना मुलीच्या दातावरचा तुकडा निघून तिच्या हातात आला, तो दिवस तिला अजून विसरता आलेला नाही.

त्यांनी जे करायला नकार दिला, त्याबद्दल मी अधिक कृतज्ञ आहे. नवव्या वर्षी एका नातेवाइकांच्या आग्रहावरून मी सिरॅमिकच्या कायमस्वरूपी कॅपची चौकशी केली. डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून दाखवले की लहान वयात दाताच्या आतील लगद्याची पोकळी मोठी असते, दात कोरला तर तिला धक्का लागण्याचा धोका असतो, हिरडीची रेषा अजून बदलणार असते, आणि जबडा वाढत असताना चावा पुन्हा पुन्हा बदलतो. किशोरवयात याचा विचार करता येतो आणि त्यासाठी वयापेक्षा दातांची प्रगती पाहावी लागते, असे त्यांचे म्हणणे होते. दात पांढरे करण्याच्या उपचारालाही त्यांनी नकार दिला, कारण त्याने कळ वाढते आणि जे कवच टिकलेले नाही त्याचा रंग उजळून उपयोग नसतो. घरच्या काळजीबद्दलचा सल्ला थोडका आणि वापरता येण्याजोगा होता : मऊ ब्रश, कोमट पाणी, फ्लोराइड असलेली पेस्ट, चूळ भरून ती पूर्ण धुऊन न टाकणे, आणि कळ येते म्हणून घासणे सोडू नये यासाठी आधी कळ थांबवणे. किटण काढण्यासाठी दर तीन महिन्यांनी बोलावणे येते. आमच्याकडून एकदा ते चुकले तेव्हा हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते.

प्रतीक्षेच्या बाकावर बसून मला दातांच्या घडणीत किती प्रकारे गडबड होऊ शकते याचेही शिक्षण मिळाले. कोणाला कायमचे दात मुळातच कमी असतात. अक्कलदाढा सोडून सहा किंवा अधिक दात नसतील तर त्याला वेगळे नाव आहे आणि त्यामागे इतर लक्षणे शोधावी लागतात. विरळ केस आणि घाम न येणे अशी लक्षणे असलेल्या मुलांना उन्हाळ्यात शरीराचे तापमान आवरत नाही, आणि त्यांच्या तोंडातील दोन-चार टोकदार दातांमुळे निदानाचा धागा हाती लागतो. अशा मुलांना तीन-चार वर्षांच्या वयात लहान कवळी बसवून देतात आणि जबडा वाढेल तशी ती बदलतात. कोणाच्या वरच्या दोन पटाशीच्या दातांच्या मध्ये एक जादा दात अडकून बसलेला असतो आणि त्यामुळे कायमचा दात वर येत नाही. कोणाचे दोन दात जुळून एक झालेले असतात. एका दाताच्या आत दुसरा दात घडल्यासारखी घडी पडलेली असते, तो बाहेरून चांगला दिसतो आणि घडीतून जंतू थेट लगद्यात जातात. असा खळगा वेळीच बुजवला तर दात वाचतो. इतक्या भिन्न तक्रारी एकाच दिवशी हाताळायच्या असल्याने येथील डॉक्टर घाईत असणे स्वाभाविक आहे. तपासणीच्या खुर्चीवर मात्र ती घाई आम्हाला कधी जाणवली नाही.

ती घाई खुर्चीबाहेर जाणवते. नवीन रुग्णाला पहिल्या भेटीसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, आणि कळ असलेल्या मुलासाठी हा काळ फार मोठा आहे. किमान फ्लोराइडचा लेप आणि तात्पुरते सिमेंट यांची सोय प्रतीक्षा-यादीतील मुलांसाठी वेगळी करता आली असती. शिकवणारी संस्था असल्याने एका मुलाच्या तोंडात सात-आठ विद्यार्थी डोकावतात. शिकल्याशिवाय पुढच्या पिढीतील दंतवैद्य असे दोष ओळखणार नाहीत, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि ज्यांनी माझ्या मुलीचे निदान चुकवले त्यांनी असे दात विद्यार्थिदशेत पाहिले असते तर बरे झाले असते, असेही वाटते. पण छायाचित्रे काढताना दोन वेळा परवानगी केवळ माझ्याकडे मागितली गेली, मुलीला कोणी विचारले नाही. दहा वर्षांच्या मुलीला आपल्या दातांविषयी मत असते. ही गोष्ट लेखी कळवल्यानंतर तिसऱ्या वेळी तिला विचारले गेले आणि तिने नकार दिल्यावर कॅमेरा मुकाट्याने बाजूला ठेवला गेला.

पाचवा गुण मी ज्यासाठी राखून ठेवला ती उणीव याहून गंभीर आहे. अशा दातांसोबत अनेकदा पुढचे वरचे-खालचे दात एकमेकांना टेकत नाहीत, मध्ये फट राहते. मुलीला ती नवव्या वर्षापासून दिसत होती. बालदंतविभागाने तिची नोंद केली, पण दात सरळ करणाऱ्या विभागाशी पहिली संयुक्त भेट होण्यास दोन वर्षे लागली, आणि त्या भेटीत पहिल्या विभागाचे कागद दुसऱ्या विभागाच्या टेबलावर पोहोचलेलेच नव्हते. मी घरून नेलेल्या फाइलवर काम चालले. कमकुवत कवचावर तारेचे चौकोनी ठोकळे चिकटवायचे की दाढांवर पट्टे आणि काढता येणारे उपकरण वापरायचे, हा निर्णय दोन्ही विभागांनी एकत्र बसूनच घ्यायचा असतो. पुढे किशोरवयात तिला प्रौढांच्या विभागाकडे सोपवले जाईल, त्याची कोणतीही लेखी योजना अजून माझ्या हाती नाही. जनुकीय चाचणीचा पर्यायही आमच्यासमोर एका छापील पत्रकाच्या रूपाने आला. निकालाने उपचारात काय बदलेल आणि काय बदलणार नाही, हे समजावून सांगणारे कोणी तेव्हा उपलब्ध नव्हते, म्हणून आम्ही ती चाचणी तूर्त केलेली नाही.

सध्या दुसऱ्या दाढा येत आहेत. त्यांतील एकीवर कॅप बसली आहे, बाकीच्या तीन अजून हिरडीतून पुरत्या वर आलेल्या नाहीत, आणि पुढची भेट दहा आठवड्यांनी आहे.

अशा विभागाकडे प्रथमच जाणाऱ्यांनी मुलाचे पहिल्या दोन-तीन वर्षांतील, दात दिसत असलेले फोटो नक्की न्यावेत. दात येताना कसा होता याचा तोच पुरावा असतो. आई, वडील आणि शक्य असल्यास आजी-आजोबा यांनी सोबत जाऊन स्वतःचे तोंड दाखवावे. पूर्वी काढलेले एक्स-रे, दिलेल्या औषधांच्या चिठ्ठ्या, निघून आलेले सिमेंटचे तुकडेदेखील उपयोगी पडतात. आणि पडलेले दुधाचे दात टाकून देऊ नयेत, कोरड्या डबीत ठेवावेत. आम्ही नेलेल्या दाढांपैकी एक त्यांनी उभी कापली, घासून तिचा कागदाहून पातळ काप केला आणि मुलीला सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. वरचे कवच बहुतेक झडलेले होते, पण डेंटिन शाबूत होते, आणि त्यात एक बारीक गडद रेघ होती. बाळ जन्मताना दातांच्या घडणीला क्षणभर हिसका बसतो आणि त्याची खूण दातात कायम राहते. तिच्या एका बाजूचा भाग आईच्या पोटात घडलेला, दुसऱ्या बाजूचा जन्मानंतर, असे डॉक्टरांनी तिला सांगितले. मुलीने ती रेघ तीन वेळा पाहिली. काचपट्टी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी विभागात राहिली. दाढेचा उरलेला अर्धा भाग त्यांनी तिच्या डबीत परत घालून दिला.